मिल स्ट्रीटचे दोन हॉर्न

इडेला आत्यानं काटाचमचा ताटात आडवा ठेवला, म्हणजे आता कुणाची तरी धडगत नव्हती. टेबलावरच्या सगळ्यांना हे कळलं, एक डॉट हफमन बाई सोडल्या तर.

रविवारची प्रार्थना आटोपून प्रिचेट मंडळी नेहमीसारखी रोवेनाकडे जेवायला जमली होती. थँक्सगिव्हिंगची उरलेली टर्की, कोलार्डची भाजी, मक्याचा पाव आणि रोवेनाचं ते मॅकरोनी-चीज. त्याच्यापायी तिचा बाप, आत्याचा धाकटा भाऊ लॉन्झो, चर्चमध्ये शेवटचं भजन चालू असतानाच गाडीच्या किल्ल्या चाचपायला लागायचा. डॉट बाई आल्या त्या शेवटच्या गोडाच्या, पीच कॉब्लरच्या वेळेला, लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन. मिरवणूक समितीच्या अध्यक्षबाई घरी येणार म्हणून रोवेनानं चांगल्या कपबश्या काढल्या होत्या. आणि तिची लेक जोनेल तर सकाळपासून जमिनीवर नव्हती. समितीत जाऊन पोरीला जेमतेम वर्ष झालं होतं आणि आजोबांसाठी मिरवणुकीचं आमंत्रण तिनं भांडून मिळवलं होतं.

"तर मिस्टर प्रिचेट," डॉट बाईंनी घसा साफ केला, "यंदा नाताळच्या मिरवणुकीत सात नंबरचा चित्ररथ नवा आहे. 'सर्वांचं बेलफोर्ड'. म्हणजे गावातले सगळे, सगळ्या प्रकारचे लोक. बेकरीवाले ओर्तेगा आहेत, दवाखान्यातले डॉक्टर फाम आहेत, आणि तुमच्या, म्हणजे तुमच्याकडच्या..."

"काळ्या," आत्या म्हणाली. "म्हणा हो. आम्ही रोज आरशात बघतो. धक्का नाही बसायचा."

डॉट बाई लाल झाल्या, पण बाई प्रामाणिक होत्या, मागे हटल्या नाहीत. "हो. तर मधोमध उंच खुर्चीवर तुम्ही बसायचं. गेल्या वर्षीच्या पत्रकात गोऱ्यांशिवाय एक चेहरा नव्हता. जोनेलनं दाखवलं तेव्हा मला खरंच लाज वाटली. तुम्ही जन्मापासून या गावात, आणि एकदाही मिरवणुकीत नव्हता!"

काटाचमचा आडवा गेला तो इथे.

पण आत्या तोंड उघडायच्या आत लॉन्झोच बोलला. "होतो की."

"कुठे?"

"मिरवणुकीत. अठ्ठेचाळीस वेळा."

"कुठल्या चित्ररथावर?"

"शेवटच्या. सांताच्या."

डॉट बाई हसल्या, जरा जपून. "सांताच्या रथात वॉल्टर केम्प असतो ना?"

"वॉल्टर वर असतो," लॉन्झो कॉब्लरचा तुकडा कापत म्हणाला. "मी हरणांत असतो."

आमच्या गावचा सांताचा रथ म्हणजे लॉन्झोनं पंचाहत्तर साली वेल्डिंग करून उभा केलेला, गवत वाहायचा जुना गाडा. पुढे छोटा ट्रॅक्टर, त्या ट्रॅक्टरभोवती लाकडी पाट्यांची चार हरणं आणि खाली जमिनीपर्यंत पांढऱ्या कापडाचा बर्फ. ड्रायव्हर हरणांच्या पोटात बसतो आणि पुढच्या हरणाच्या छातीतल्या जाळीतून बघतो. बाहेरच्याला तो दिसत नाही. हरणंच रथ ओढतात अशी निम्म्या गावाची लहानपणी खात्री होती.

डॉट बाईंनी पिशवीतून यादी काढली. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. दोन वर्षं त्या या ओळीपुढे बरोबरची खूण करत आल्या होत्या. तिथे लिहिलं होतं: ट्रॅक्टर, व्यवस्था आहे.

"ती व्यवस्था म्हणजे मी," लॉन्झो म्हणाला.

"अरे देवा," डॉट बाई म्हणाल्या. "पण मग तुम्ही सातव्यावर बसलात तर शेवटचा कोण चालवणार?"

"हरणं आहेत की चार," आत्या म्हणाली. "त्यांना विचारा. ती तरी रिकामी असतील."

जोनेलला टेबलाखाली जावंसं वाटलं.

डॉट बाई गेल्या. डबा राहिला. दार लागलं आणि आत्यानं तोफ वळवली ती थेट जोनेलकडे.

"अठ्ठेचाळीस वर्षं माणसाला खोक्यात बसवलं आणि आता फोटोला एक काळं तोंड कमी पडलं म्हणून खुर्ची? आणि ती आणली कुणी? आपल्याच पोरीनं!"

"आत्या, मी सांताच्या रथासाठीच नाव सुचवलं होतं!" जोनेलचा आवाज चढला. "ते म्हणाले, आधी सातव्यापासून सुरुवात करू. मी म्हटलं, पहिल्या वर्षी मिळेल ते पदरात पाडून घ्यावं."

"आणि आजोबांना विचारलंस?" रोवेनानं कपबश्या गोळा करत विचारलं. आत्तापर्यंत ती लेकीच्या बाजूची होती.

"सरप्राइज होतं गं, आई."

"झालं. ट्रॅक्टरचं काय ठरवलं होतंस?"

"चालवेल कुणीतरी, असं वाटलं."

हे ऐकून रोवेना बाजू बदलून आत्याच्या शेजारी जाऊन बसली. शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांचं जेवण सांभाळणारी बाई ती. 'करेल कुणीतरी' या दोन शब्दांवर तिचा जुना राग होता.

"बाबा, तुम्ही तरी बोला ना काही," ती म्हणाली.

पण लॉन्झोची खुर्ची रिकामी होती. कॉब्लरची बशीही नव्हती. मागच्या शेडचा दिवा लागलेला खिडकीतून दिसत होता.

*

आत्या शेडमध्ये शिरली ती बोलत बोलतच. एकोणऐंशीव्या वर्षी तिचे गुडघे थकले होते, जीभ नव्हती.

"तू नाही म्हणून सांग. मी सांगते हवं तर, मला आवडेल सांगायला. तेव्हा मिरवणूक चालवणाऱ्या त्या म्हाताऱ्या हार्लननं तुला खोक्यात कोंडलं तेव्हापासून मी त्याच्या दुकानातून एक खिळा घेतलेला नाही, माहितेय ना? खिळ्यासाठी वीस मैल जाते मी. आईला घेऊन दर वर्षी त्याच्याच दुकानासमोर उभी राहायचे, मिल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, पण पायरी नाही चढले."

"ताई, बस जरा."

"बसायला नाही आले."

"बस गं."

तिनं उलटी बादली ओढली आणि बसली. रथ समोरच उभा होता, लाल रंगाचा, अजून कापड न चढवलेला. लॉन्झोनं कपाटातून गुंडाळी काढली. शिसपेन्सिलीनं काढलेला नकाशा होता, कडा पिवळ्या पडलेल्या. हरणं, ट्रॅक्टर, आणि आत बसलेल्या माणसाची बारीक आकृती.

"हा माझाच," तो म्हणाला. "हार्लनला दाखवायच्या आधी काढलेला. त्यानं फक्त रथ मागितला होता. ड्रायव्हर झाकायचं तो बोललाच नाही. कुणीच काही बोललं नव्हतं, ताई."

आत्याला समजायला वेळ लागला. "तू स्वतःला झाकलंस?"

"सव्वीस वर्षांचा होतो. चार महिने शेडमध्ये घासले. मला वाटलं, हा रथ मी ओढताना दिसलो तर म्हणतील, छान झालाय हो लॉन्झो, आता चालवायला आमचा अमका तमका येईल. तसं कुणी म्हणालं असतं की नाही, देव जाणे. म्हणायची वेळच येऊ दिली नाही. दिसलोच नाही तर काढतील कसे?"

आत्या त्या पेन्सिलीच्या माणसाकडे बघत राहिली. तिला धाकट्या भावाचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही एकदम जमेना म्हणून ती बादलीवर बसूनच राहिली.

"म्हणून हॉर्न," ती शेवटी म्हणाली.

"म्हणून हॉर्न. आईला कळावं, मी आहे आत."

दर वर्षी रूळ ओलांडून मिल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आलं की तो दोनदा हॉर्न द्यायचा. कोपऱ्यावर उभी आई आपला पांढरा रुमाल उंच करायची, हरणांकडे बघून. लोकांना वाटायचं, म्हातारीला हरणं फार आवडतात. आई जाऊन एकवीस वर्षं झाली तरी हॉर्न चुकला नव्हता. गावाला वाटतं ती मिरवणुकीची रीतच आहे.

"मी तिला बघायचो जाळीतून," लॉन्झो म्हणाला. "तिनं मला एकदाही बघितलं नाही. तेवढंच राहिलं बघ. मला खुर्ची नको, सातवा नको, फोटो नको. चौऱ्याहत्तरीला आलो, पुढच्या वर्षी ती शिडी चढवेल का नाही, सांगता येत नाही. मला एकदा वर बसून त्या कोपऱ्यावरून जायचंय. एकदाच. रथ माझा आहे, ताई."

"मग हे त्या टेबलावर का नाही बोललास, गाढवा?"

"तू बोलत होतीस."

यावर आत्या हसली. मग हसू आवरेना. लॉन्झोही हसायला लागला आणि कॉब्लरची बशी ट्रॅक्टरवरून खाली पडली.

"ऐक," डोळे पुसत ती उठली. "तू वर बस. पण खाली खोक्यात कुणी बसायचं नाही. माझ्या डोळ्यांदेखत नाही. काप त्या पाट्या."

"आणि चालवणार कोण उघड्यावर? जोनेलला गिअर म्हणजे काय ते माहीत नाही."

आत्यानं त्याच्याकडे असं बघितलं की तो एक पाऊल मागे सरला. "बर्फात, चढावर, साठ वांड पोरं घेऊन एकतीस वर्षं या गावची शाळेची बस कुणी चालवली?"

*

बुधवारी समितीची बैठक अग्निशमन केंद्राच्या वरच्या खोलीत भरली. जोनेलनं रात्रभर घोकून भाषण तयार केलं होतं, चार पानी. त्यातलं एकही पान वाचायची वेळ आली नाही.

सुरुवात ओर्तेगा बाईंनी केली. "माझा एक साधा प्रश्न आहे. बारा नंबरवर आमच्या बेकरीचा चित्ररथ आहे, दहा वर्षं आहे. आता आम्ही सातव्यावर बसायचं, तर बाराव्यावर पाव एकटे जाणार का?"

"आणि मी दवाखान्याच्या पथकात असतो, घडीच्या खुर्च्या फिरवत कवायत करतो ना आम्ही," डॉक्टर फाम म्हणाले. "पुढच्या रांगेत. यंदा माझी एकट्याची गिरकी आहे. तीन महिने सराव केलाय."

डॉट बाईंनी यादी खाली ठेवली. 'सर्वांचं बेलफोर्ड' भरायला त्यांनी जी माणसं निवडली होती ती सगळी मिरवणुकीत आधीपासूनच होती. त्यांना त्यांच्या त्यांच्या जागेवरून उचलून एका ठिकाणी मांडायचं, एवढाच काय तो सातवा चित्ररथ. जोनेलच्याही डोक्यात हे आत्ताच शिरत होतं, आणि कान गरम होत होते. कल्पना तिचीच होती ना!

"मी चुकले," ती उभी राहून म्हणाली. चार पानांत हे वाक्य नव्हतं. "मला माझे आजोबा दिसायला हवे होते, म्हणून मी त्यांच्यासाठी नवी खुर्ची शोधत बसले. त्यांनी बनवलेली जागा समोर होती. शेवटच्या रथात त्यांना बसायचंय. सांता म्हणून. सातवा रद्द करा."

खोलीत चुळबुळ झाली. कार्ल स्टॅम्परनं हात वर केला. "माझं वैयक्तिक काही म्हणणं नाही हं. पण मुलं गोंधळतील. त्यांनी सांता एका प्रकारचा बघितलेला असतो."

"कार्ल," कोपऱ्यातून वॉल्टर केम्प बोलला. वीस वर्षं सांता तोच व्हायचा, भलंमोठं पोट घेऊन दोन खुर्च्यांवर बसला होता. "माझी दाढी इलॅस्टिकवर असते. एका पोरीनं ती ओढून सोडली, फाडकन नाकावर बसली. गोंधळली नाही ती. तिनं सायकल मागितली."

हशा झाला. वॉल्टर हसला नाही. "दर वर्षी त्या शिडीवर मला लॉन्झो हात देऊन चढवतो, मग खाली जाऊन आत शिरतो. वीस वर्षं मी त्याच्या डोक्यावर बसून हात हलवतोय. माझ्या एकदाही मनात आलं नाही की बाबा, तू बस. माझा अंगरखा घ्या. कमरेत आवळावा लागेल."

डॉट बाईंनी मत मागितलं. कार्लचा हात सगळ्यांत शेवटी वर आला, पण आला.

"मग ट्रॅक्टर?" त्यांनी पेन उचललं. "यंदा मी नाव लिहिणार आहे."

"इडेला प्रिचेट," जोनेल म्हणाली.

तिथल्या निम्म्या लोकांना आत्यानं शाळेत नेलं-आणलं होतं. कार्लनं नकळत च्युइंगम गिळला.

*

शनिवारी लॉन्झो रथात चढला तेव्हा शिडीला हात द्यायला खाली वॉल्टर होता. अंगरखा रोवेनानं दोन रात्री बसून उसवून पुन्हा शिवला होता, आणि कापलेल्या कापडात आणखी एक सांता निघाला असता, असं ती सगळ्यांना सांगत सुटली होती. दाढी लॉन्झोची स्वतःची होती, पांढरी, आखूड, सकाळी न्हाव्याकडून कोरून आणलेली.

पुढे हरणांच्या मधल्या पाट्या कापून काढल्या होत्या आणि ट्रॅक्टरवर आत्या बसली होती, ईस्टरला घालते ती जांभळी हॅट घालून. कापलेल्या कडांना ताजा लाल रंग होता. डबा हार्लनच्या दुकानातला. काउंटरवरच्या नातवाला तिनं सांगितलं होतं, "तुझ्या आजोबांवर माझा एक राग होता. तो चुकीचा निघाला. बाकीचे आहेत तसेच आहेत. डबा दे."

रथ निघाला. लॉन्झोनं घंटा वाजवली, हात हलवला, 'हो हो हो' केलं. आवाज जरा चिरकला. अठ्ठेचाळीस वर्षं त्यानं हा रस्ता हाताएवढ्या जाळीतून बघितला होता. तो इतका रुंद आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. एका बापाच्या खांद्यावरची काळी पोर त्याच्याकडे बघून तोंडाचा आ करून राहिली. तिच्या शेजारचा गोरा पोरगा ओरडला, "सांता, मला ड्रोन!" गोंधळलेलं कुणी दिसत नव्हतं.

पण खरा जल्लोष पुढच्या बाजूला चालला होता.

"मिस इडेला! अगं, मिस इडेला आहे ती!"

चाळीस-पन्नाशीचे बाप्ये पोरांसारखे ओरडत होते. एकजण पदपथाच्या कडेवर उभा राहून नाचायला लागला. आत्यानं नुसती मान वळवून त्याच्याकडे बघितलं. तो खाली बसला. त्याच्या आजूबाजूचे चारजणही बसले. सगळा रस्ता खो खो हसला, आणि वर बसलेला सांता सगळ्यांत जोरात.

रूळ आले. एक धक्का, दुसरा धक्का. लॉन्झोचं हसू मावळलं. हॉर्न आता तूच दे, हे ताईला सांगायचं राहूनच गेलं होतं. पाट्या कापण्यात, अंगरख्यात, दाढीत, नेमकं तेवढंच राहिलं. इथून खाली ओरडावं तर बँड वाजतोय. मिल स्ट्रीटचा कोपरा दिसायला लागला. घडीच्या खुर्च्या टाकून रोवेना, जोनेल, चर्चची अर्धी मंडळी बसली होती. पुढच्या रांगेत मधली खुर्ची दर वर्षीसारखी आईसाठी रिकामी ठेवलेली होती.

रथ कोपऱ्यावर आला. हॉर्न वाजला नाही.

उलट ट्रॅक्टर थांबला. सांताचा रथ वाटेत थांबत नाही, कधीच थांबलेला नाही. आत्यानं ब्रेक ओढला, डावा हात आडवा बाहेर काढला, बस थांबवल्यावर मागच्या गाड्यांना काढायची तसा, आणि मागे रथाच्या संरक्षणाला असलेली पोलीस गाडी जागच्या जागी उभी राहिली. बँडही पुढे जाऊन गोंधळून थांबला.

मग ती सीटवर पूर्ण वळली. हॅट सावरली आणि वर भावाकडे बघितलं. चांगलं बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत, काही घाई नाही. बाहीतून तिनं पांढरा रुमाल काढला, घडीच्या जागी पिवळसर पडलेला. तो आईचा होता. लॉन्झोनं लगेच ओळखला.

"दिसतोस रे!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की हार्लनच्या दुकानातले लोक बाहेर आले. "छान दिसतोस!"

तिनं रुमाल उंच केला. खुर्च्यांवरची सगळी मंडळी उठून उभी राहिली. लॉन्झोला हात हलवायचा होता, पण तो दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता आणि हसत होता, आणि ती दाढी खरी होती म्हणून बरं झालं.

"हात काढ तोंडावरचे," आत्या म्हणाली. "पुन्हा झाकतोस काय?"

त्यानं हात खाली घेतले. मग ती पुढे वळली, रुमाल बाहीत खोचला, ब्रेक सोडला आणि दोनदा हॉर्न वाजवला.